शंभर नंबरी

आमच्या शहापूर तालुक्याचा आणि मुंबईचा व्यवहार तसा सरळ आहे. इथून पाणी जातं आणि तिथून पेट्रोल येतं. तानसाचं पाणी १८९२ साली मुंबईला जायला लागलं, मागाहून वैतरणेचं गेलं, भातसाचं गेलं, आणि इकडे एप्रिल उजाडला की पाड्यापाड्यावर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात. पेट्रोलचं उलटं. ते मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत तयार होतं. त्यातलं काही ठाणे जिल्ह्याच्या जमिनीखालून, पाइपलाइनने, मुकाट्याने मनमाडला जातं. उरलेल्यातलं बरंचसं रविवारी सकाळी आसनगावच्या पुलावरून बोंबलत नाशिककडे पळतं. (माहुलचा आणि आमच्या माहुली किल्ल्याचा काही संबंध नाही. विचारणारे भेटतात म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

या बोंबलणाऱ्या गाड्या आता आम्हाला सवयीच्या झाल्यात. पिवळ्या, लाल, पोपटी. जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या. पूर्वी त्या आग्रा रोडनेच जायच्या. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि त्यांना मोकळं रान मिळालं. ज्यांच्या जमिनी त्या रस्त्यात गेल्या त्यांतल्या काहींनी मोबदल्यातून गाड्या घेतल्या, त्याही चांगल्या दांडग्या. त्यामुळे गाडी हा विषय आमच्याकडे पूर्वी भाताच्या भावाला जेवढा वेळ मिळायचा तेवढा वेळ खातो. चहाच्या टपरीवर टर्बो, टॉर्क, पिकअप हे शब्द कांदाभजीबरोबर येतात. आणि अलीकडे त्यात एक नवा शब्द आलाय, ऑक्टेन.

माझ्या घरी तो भाच्याबरोबर आला. भाचा डोंबिवलीला असतो. त्याने एक जर्मन गाडी घेतली आहे. सेकंडहँड, पण टर्बो. हप्ते मात्र नवेकोरे. गाडी आमच्या दारात लावल्यावर तिच्याभोवती गल्लीतली सगळी पोरं आणि एक म्हातारं कुत्रं जमलं. मी ‘छान आहे’ म्हणालो. त्यावर त्याने कौतुकाने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला कागद दाखवला. मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा. किमान ९५, शिफारस ९८, असं त्यावर लिहिलेलं होतं.

“म्हणून मी हिला हंड्रेडच देतो, मामा.”

“अट्ठ्याण्णव सांगितलंय ना?”

“अट्ठ्याण्णवला गाडी खूश. शंभरला डबल खूश.”

माझी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. काठावर पास होणाऱ्या मुलांचे पालकसुद्धा इतक्या विश्वासाने बोललेले मी ऐकलेले नाहीत.

दुपारी आम्ही पंपावर गेलो. रांगेत पुढे एक स्प्लेंडर, मागे दुधाचे कॅन लावलेली एक फटफटी, मध्ये ही जर्मन बाई. भाच्याने काच खाली घेतली आणि विचारलं, “शंभर आहे का?”

“आहे ना,” पोरगा म्हणाला. “झिरो बघा साहेब.”

आकडे फिरले, थांबले, नोझल बाहेर आलं. शंभर रुपये. म्हणजे लिटरलासुद्धा थोडं कमीच. पोराची चूक काहीच नाही. आमच्याकडे पेट्रोल लिटरात मागायची पद्धत नाही, रुपयांत आहे. पन्नासचं टाक, शंभरचं टाक, लग्नाला जायचं असेल तर दोनशेचं. भाचा खाली उतरून शंभर ऑक्टेन म्हणजे काय ते समजावू लागला तेव्हा दूधवाल्याने हॉर्न दिला. पोराने शांतपणे सांगितलं, “ते मुंबईला भेटंल. आपल्याकडं साधं आणि प्रीमियम. बोला.”

त्या पोराचं बरोबरच होतं. इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं ते १ डिसेंबर २०२० ला, पहिल्या झटक्यात देशातल्या दहा शहरांत. महाराष्ट्रातली त्यात दोनच, मुंबई आणि पुणे. दिल्लीत तेव्हा साधं पेट्रोल ब्याऐंशी रुपयांच्या आसपास होतं आणि हे १६० रुपये लिटर. टाळेबंदीने माणसं घरात बसली होती, गाड्या धूळ खात होत्या, आणि देशात लिटरमागे १६० रुपयांचं पेट्रोल आलं. आपल्या लोकांच्या आशावादाबद्दल मला कधीच शंका नव्हती.

घरी आल्यावर मी भाच्याला समोर बसवलं. निवृत्त शिक्षकाच्या तावडीत सापडलेल्या माणसाची सुटका चहाने होत नाही.

मुळात लोकांना वाटतं की ऑक्टेन म्हणजे ताकद. आकडा जास्त, तर आग जास्त, तर वेग जास्त. प्रत्यक्षात तो आकडा बरोबर उलटी गोष्ट सांगतो. पेट्रोल पेट घ्यायला किती उतावीळ नाही, हे त्यावरून कळतं. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दट्ट्या वर सरकून दाबतो. दाबलं की ते तापतं. ठिणगी पडेपर्यंत त्याने गप्प बसायचं असतं. ठिणगी पडली की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिस्तीत जळत जायचं असतं. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला हे जमत नाही. ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपल्या आपणच भडकतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि इंजिन टकटक वाजतं. यालाच नॉकिंग म्हणतात. जास्त दाबणाऱ्या, म्हणजे टर्बोच्या किंवा चढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला जास्त धीराचं पेट्रोल लागतं. एवढंच. लिटरभर शंभर ऑक्टेनमध्ये लिटरभर पंच्याण्णवपेक्षा जास्त आग कोंबलेली नसते.

हा धीर मोजायची रीत १९२० च्या दशकात अमेरिकेत ठरली. ग्रॅहम एडगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव निवडले. अजिबात दम न धरणाऱ्या हेप्टेनला शून्य, आणि भरपूर दम धरणाऱ्या आयसोऑक्टेनला शंभर. तुमचं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणाइतकं वाजतं, तो त्याचा आकडा. गंमत अशी की हे शून्य गुणांचं हेप्टेन सुरुवातीला कॅलिफोर्नियाकडच्या एका पाइन झाडाच्या डिंकातून काढत. आणि जगातल्या सगळ्या मस्तवाल गाड्यांच्या पेट्रोलची परीक्षा आजही ज्या इंजिनावर होते, ते एकाच सिलिंडरचं आहे आणि मिनिटाला फक्त ६०० फेरे घेतं. आपल्याकडे पंपावर जो आकडा सांगतात, तो आरओएन, या ६०० फेऱ्यांचा. दुसरी एक परीक्षा ९०० फेऱ्यांची, जास्त गरम हवेची. तिच्यात त्याच पेट्रोलला कमी गुण पडतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लावतात. त्यामुळे तिकडचं ९१ म्हणजे इकडचं जवळजवळ ९५. भाचा ज्या अमेरिकन माणसाचे व्हिडिओ बघून शहाणा झाला होता त्याने हे सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत बसून शहापूरची काळजी कोण करणार?

धीर विकत आणायचे उपायही लोकांनी एकेक अचाट केले. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की टकटक थांबते. जगभर ते शिसं पेट्रोलमधून हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात गेलं. याच गृहस्थाने पुढे फ्रिजमध्ये घालायचे ते वायूही शोधले, ज्यांनी ओझोनच्या थराला भोक पाडलं. एका माणसाने पृथ्वीला इतका मनस्ताप द्यावा, तोही नोकरी इमानेइतबारे करून! आपल्या देशात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याआधीच्या फियाट आणि ॲम्बेसिडर टॅक्सीवाल्यांना कसाऱ्याच्या घाटात इंजिन कधी वाजतं ते कानाने कळायचं. वाजलं की खालचा गिअर. ऑक्टेन हा शब्द त्यांच्या बापजन्मात कोणी उच्चारला नव्हता.

आता शिशाच्या जागी ऊस आला आहे. इथे मात्र मला खरंच हसू येतं. बराच काळ आपलं साधं पेट्रोल ९१ चं होतं. म्हणून ९५ मागणाऱ्या गाडीवाल्यांना प्रीमियमच्या नळाकडे जावं लागायचं. मग पेट्रोलात २० टक्के इथेनॉल घालायचं ठरलं, मुदत २०३० ची होती ती अलीकडे ओढून २०२५ वर आणली, आणि इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्यामुळे साधं पेट्रोलच ९५ चं झालं. म्हणजे झाकणाखालच्या कागदाची किमान अट आता दूधवाल्याच्या फटफटीत जे पडतं त्यानेच पुरी होते. हा आकडा वाढवण्यात कोल्हापूर-नगरकडच्या उसाचाही हात आहे. साखर कारखान्यांनी राजकारणाचं ऑक्टेन वाढवलेलं आपण पाहिलंच होतं, आता पेट्रोलचंही.

भाच्याला हे पचेना. “पण मामा, इथेनॉलने गाडीची वाट लागते म्हणतात.”

त्यातही तथ्य नाही असं नाही. इथेनॉलमध्ये धीर जास्त, पण ऊब कमी. पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी. म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत, ते खराब होऊ शकतात. म्हणून झाकणाखालचा कागद आकड्यापुरता वाचून भागत नाही. त्याच्याच शेजारी ई१० की ई२० असं बारीक लिहिलेलं असतं, ते बघावं लागतं. भाच्याच्या गाडीवर ई१० होतं. त्याची काळजी करायचीच तर ऑक्टेनपेक्षा तिथे करायला जागा होती. पण मोठ्या अक्षरातला आकडा सोडून बारीक अक्षर वाचायची सवय आपल्याला लग्नपत्रिकेतही नाही. तिथेही आपण जेवणाची वेळ बघतो.

फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २०२२ ते २०२५ या हंगामांत १० टक्के इथेनॉल होतं. आमच्या किन्हवलीच्या मास्तरांच्या स्कूटरमध्ये २० टक्के आहे. याचा मी उगाच अभिमान बाळगून आहे.

आणि दारूपासून इंधन ही कल्पना आमच्या भागाला काही नवी नाही. शहापूर-मुरबाडच्या रानात मोहाची झाडं आहेत, आणि मोहाच्या फुलांतून निघतं तेही शेवटी इथेनॉलच. त्यावर चालणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. सरळ चालत नसत, पण चालत. इंग्रज सरकारला या इंधनाचा इतका धसका की १८९२ मध्ये त्यांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. साल बघा, तेच, तानसाचं. पाणी मुंबईला आणि फुलं सरकारच्या ताब्यात. आमच्या लोकांनी त्या वर्षी प्यायचं तरी काय?

हे सगळं ओट्यावर बसून शेजारचे तात्या ऐकत होते. तात्या शर्यतीचे बैल बाळगतात. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून तात्यांच्या चालण्यातही फरक पडलाय. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या यात्रेला म्हशाला गेल्याशिवाय त्यांचं वर्ष सुरू होत नाही. तिथल्या बैलबाजारात ते दात न बघता, नुसत्या चालीवरून बैलाचं वय सांगतात. त्यांनी तंबाखू मळत एकच विचारलं, “मंग शंभरवालं साध्या गाडीत घातलं तर पळंल का?”

नाही, म्हटलं. साधं इंजिन तेवढं दाबतच नाही. वरच्या ऑक्टेनचं त्याला काही कामच पडत नाही.

“म्हणजे आमच्यासारखंच की. शर्यतीच्या बैलाला अंडी, दूध, बदाम. तोच खुराक औताच्या बैलाला घाल. बैल पळत नाय, मालक पळतो. सोसायटीत कर्ज काढायला.”

माझ्या तासाभराच्या व्याख्यानाची एका चिमटीत पुडी बांधून ते उठले. पण उठताना भाच्याकडे बघून म्हणाले, “आणि शर्यतीच्या बैलाला पेंढ्यावर ठेवलास तरी तो मरत नाय. धाव कमी होती, एवढंच.”

हेही तंतोतंत खरं. हल्लीच्या गाड्यांच्या इंजिनावर एक छोटा कान बसवलेला असतो, नॉक सेन्सर. टकटक सुरू होतेय असं त्याने ऐकलं की गाडीचा संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद थोडी कमी होते. ९८ ची शिफारस असलेली गाडी ९५ वर चालवली तर एवढंच होतं. ती ताकद कमी झालेली कळायला गाडी जिथे पूर्ण ताकद काढते तिथे न्यावी लागते. आणि इथे एक मजेशीर घोळ आहे. लोक शंभरवालं भरतात ते समृद्धीसाठी. पण समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा. सपाट रस्त्यावर एका लयीत १२० ने जाताना अशा गाडीचं इंजिन अर्धवट झोपेत असतं. त्याला धीराचं पेट्रोल लागतं ते उन्हाळ्याच्या दुपारी, चढावर, कमी फेऱ्यांवर जोर लावताना. म्हणजे कसारा घाटात, नाशिकला परत निघालेल्या ट्रकच्या मागे तीस-चाळीसच्या वेगाने सरकत असताना, जागा दिसली म्हणून अचानक पाय दाबला की. तिथे त्या १६० रुपयांची खरी वसुली होते. पण तिथे बघायला कोण असतं? घाटातली माकडं. त्यांना गाडीपेक्षा केळी महत्त्वाची.

बरं, नळावर लिहिलेला आकडाच आपल्या टाकीत पडतोय हे ओळखायचं कसं? ओळखता येत नाही, हे त्याचं उत्तर. पंपावर तुम्ही फिल्टर पेपर मागू शकता. थेंब टाकला, उडाला, डाग राहिला नाही तर पेट्रोल स्वच्छ. पाच लिटरचं माप मागू शकता. घनता बघायला मागू शकता. मी मागे एकदा ही तिन्ही मागितली होती. मागच्या रांगेने माझ्याकडे जसं बघितलं तसं मी परीक्षेत अवघड प्रश्न घातल्यावरही वर्गाने बघितलं नव्हतं. पण यातल्या कशानेही ऑक्टेन कळत नाही. त्यासाठी ते ६०० फेऱ्यांचं इंजिन पाहिजे. तेव्हा विश्वास ठेवायचा, आणि ठेवायचाच असेल तर ज्या पंपावर खप जास्त त्याच्यावर ठेवावा. आमच्यासारख्या ठिकाणी महागडं पेट्रोल घेणारे थोडे, ते जमिनीखालच्या टाकीत मुक्काम करून राहतं. त्यात आमचा पाऊस. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं तर पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वर उरलेल्या पेट्रोलचा आकडा मग खाली येतो. म्हणून पंपवाले टाकीत काठी घालून रोज पाणी तपासतात. काठीला लावलेल्या लेपाचा रंग बदलला की समजायचं, पाणी शिरलं. आषाढात आमच्याकडे कशात पाणी शिरत नाही? तेवढ्यापुरतं मी भाच्याला सांगून ठेवलंय, पावसाळ्यात टाकी भरायची तर गर्दीच्या पंपावर भर, आकडा साधा का असेना.

त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या रविवारी मुंबईतून शंभरवालं भरून आला. मला आजोबा दाखवायला घेऊन चल, म्हणाला. आजोबाचा डोंगर म्हणजे आमच्याकडचा मोठा मानकरी. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता, लव-कुश तिथे वाढले, असं लोक सांगतात. शहापूरहून डोळखांब, तिथून डेहण्याच्या वाटेला. डोळखांबपर्यंत जर्मन बाई खुशीत होत्या. पुढे रस्त्याने आपलं खरं रूप दाखवलं. प्रत्येक गतिरोधकाला भाचा मला खाली उतरवून, वाकून, गाडीचं पोट आणि डांबर यांच्यात किती बोटं उरतात ते बघायला सांगे. पहिल्या गिअरमध्ये, एसी लावून, खड्डे चुकवत गाडी रांगत राहिली आणि पेट्रोल प्यायली. डोंगर बघून परतताना काट्याशेजारी पिवळा दिवा लागला. मग, भीती वाटावी अशा आडजागी, एकदा लुकलुकला.

पुढच्या पाड्यावर एक किराणा दुकान होतं. दारात, फरसाणाच्या माळांखाली, पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, आतला द्रव किंचित पिवळसर. आडवाटेच्या गावांत पेट्रोल असंच मिळतं. कायद्यात बसत नाही, गरजेत बसतं. दुकानातल्या मावशी तांदूळ निवडत होत्या. भाच्याने दोन बाटल्या मागितल्या. मग सवयीने, त्याला राहवेना, विचारलंच, “मावशी, यात ऑक्टेन किती?”

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. एवढ्या मोठ्या गाडीचा माणूस भावावरून घासाघीस करतोय याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

“पंपापरीस धा रुपये वर. शहापूरवरनं आणायला लागतं ना, दादा.”

बाटल्या ओतल्या. इंजिनावरच्या कानाने काही ऐकलं असलं तरी गाडी कुरकुरली नाही. एका आवाजात सुरू झाली आणि पोरं टाळ्या पिटत मागे धावली. भाचा काच वर करणार तेवढ्यात मावशी दारात आल्या.

“ओ, बाटल्या दे की परत.”